सुक्या कचऱ्याच्या वहीतला शेरा

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, हात जाईल तिकडे वेलांटी पडते. चौथीनंतर शाळा सुटली. मग बरीच वर्षं पेन हातात आलं ते सही करण्यापुरतंच. वाचताना कुणाला त्रास झाला तर त्याने मला माफ करावं. तसं हे कुणी वाचू नये अशीच सोय मी केली आहे, ही वही पिठाच्या डब्यामागे असते. बोलायला मला जमत नाही. चार माणसं समोर आली की जीभ टाळूला चिकटते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून जमतं.

मी दिंडोशीला राहते आणि अंधेरीला एका काचेच्या इमारतीत हाऊसकीपिंगला जाते. तिथे आमच्या कंपनीचे पाच मजले आहेत. आमची कंपनी म्हणते खरी, पण आम्ही कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या. कंपनीची माणसं गळ्यात निळी पट्टी घालतात, आमची पट्टी करडी. कंपनी काय बनवते ते मला सात वर्षांत कळलेलं नाही. पाच मजल्यांवर कधी एक खोका भरताना पाहिला नाही. सगळे काचेकडे बघून बोटं हलवतात आणि दमून कॉफी मागतात.

आम्ही सहाजणी आहोत. त्यात सगळ्यात मोठी काकी. ती मालवणकडची, राहते कांदिवलीला. तिचा नवरा आधी गिरणीत होता, मग कुठे कुठे वॉचमन, आता तो राहिला नाही. काकीच्या तोंडात दात म्हणाल तर पुढचा एक आणि कोपऱ्यातला एक. चपाती चहात बुडवून खाते. घराजवळच्या दाताच्या डॉक्टरने तिला वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्यांचे सहा हजार सांगितले होते. त्या सहा हजारांसाठी काकी आमच्या भिशीत आली.

भिशी आमची आम्हीच सुरू केली, दिवाळीनंतर. सहाजणींनी पगाराच्या दिवशी हजार-हजार काढायचे, सहा हजार एकीला द्यायचे. सहा महिन्यांत सगळ्यांची पाळी. वही माझ्याकडे, कारण सहाजणींत लिहिता मलाच येतं. चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, पण काकीने तिची टाकूच दिली नाही. म्हणाली, "माका शेवटाक ठेवा गो. माझे दात काय पळान जातत? जावचे ते आधीच गेले." माझी पाळी दुसरी लागली. खोलीचं डिपॉझिट वाढवून मागितलं होतं, त्यात ते पैसे गेले.

जानेवारीच्या सुमारास खाली लॉबीत तीन मोठी इंग्रजी अक्षरं उभी राहिली, माणसाएवढी उंच, हिरव्या रंगाची, थर्माकोलची. ई, एस आणि जी. मला वाटलं कुणाच्या तरी नावाची अक्षरं, लग्नबिग्न असेल. पण मग एक नवीन मॅडम आल्या, बारीकशा, पंचवीस-सव्वीसच्या, आणि त्यांनी आम्हाला पॅन्ट्रीत गोळा करून समजावलं. कंपनीने ठरवलं आहे की पर्यावरण सांभाळायचं, समाज सांभाळायचा आणि कारभार स्वच्छ ठेवायचा. तिन्हीची उद्दिष्टं आहेत, दर तीन महिन्यांनी किती प्रगती झाली ते मोजणार, आणि वर्षाच्या शेवटी पुस्तक काढणार.

काकीने विचारलं, "आणि इतके दिवस काय सांभाळत होतात?"

मॅडम हसल्या. चांगल्या होत्या त्या. अजूनही मला त्या चांगल्याच वाटतात.

पर्यावरण पहिल्यांदा सिंकमध्ये आलं. कागदाचे कप बंद झाले. प्रत्येकाला पान काढलेला चिनीमातीचा मग मिळाला. दोनशे माणसं, दिवसातून तीन वेळा चहा-कॉफी. ते मग धुवायला आम्ही दोघी पॅन्ट्रीत दिवसभर उभ्या. महिन्याभराने पाण्याचा आकडा वाढलेला निघाला. मग नळाला एक जाळी लावली, धार सुतळीएवढी झाली. आता एक मग धुवायला दुप्पट वेळ लागतो आणि नळ तेवढा वेळ चालू राहतो. सिंकच्या वर स्टिकर लावला, त्यात एक थेंब रडतो आहे. मी रोज त्याच्याकडे बघत मग धुते.

झाडही लावलं. पार्किंगच्या बाजूला एका कुंडीत कडुलिंबाचं रोप ठेवलं आणि एकेक विभाग खाली येऊन त्याला पाणी घालताना फोटो काढून गेला. रोप एक, विभाग चौदा. संध्याकाळपर्यंत त्याला इतकं पाणी झालं की मी कुंडी आडवी करून ओतून टाकलं. ते रोप तरीही जगलं, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

महिला दिनाला समाजाची पाळी आली. मोठ्या हॉलमध्ये बायकांनी पुढे कसं यावं यावर इंग्रजीत भाषण होतं. आम्ही मागे गुलाबाची ताटं घेऊन उभ्या. तेवढ्यात त्या मॅडम धावत आल्या.

"काकी, ताई, बसा ना पटकन खुर्चीवर. निम्म्या तरी बायका पाहिजेत हॉलमध्ये, मोजायचंय."

आम्ही बसलो. थंडगार खुर्च्या होत्या. एका मुलाने फोनवर मोजलं, फोटो काढला. मग आमचा, म्हणजे ठेकेदाराचा, सुपरवायझर कानाशी येऊन म्हणाला, "झालं, उठा आता, चहा कोण देणार?"

काकी उठता उठता म्हणाली, "एवढ्यात पुढे इलंय मी. भाषाण चांगला होता."

माझ्या वाट्याला कचऱ्याची वही आली. मोठी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाला नंबर, प्रत्येक पानावर शिक्का. रकाने मराठीत छापलेले, कारण स्थानिक भाषा वापरणं हेही एक उद्दिष्ट होतं. तारीख, मजला, ओला कचरा किलो, सुका कचरा किलो, आणि शेवटी शेरा.

मॅडम म्हणाल्या, "ताई, हे फार इंपॉर्टंट आहे. रोज काट्यावर वजन करायचं आणि लिहायचं. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. बाहेरून तपासायला माणसं येणार आहेत. दर शुक्रवारी मी खाली सही करून फोटो पाठवणार."

मी खूप धीर करून विचारलं, "शेऱ्यात काय लिहू?"

"जे काय झालं असेल ते," असं म्हणून त्या फोन घेत निघून गेल्या.

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींचा एक नियम होता. रकाना आखला आहे तर तो मोकळा सोडायचा नाही. हजेरीत, गुणपत्रकात, कुठेही. मोकळा दिसला की हातावर पट्टी. म्हणून मी शेरा रोज भरला. जे झालं ते लिहिलं. त्यात काही वाकडं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पहिल्या आठवड्यातलं मला पाठ आहे. "काटा दोन किलो जास्त दाखवतो, मिठाची पिशवी ठेवून पाहिली." "चौथ्या मजल्यावर वाढदिवस, केकचे खोके अकरा, केक निम्मा तसाच." "आज काटा बंद, सुपरवायझरने कालचाच आकडा लिहायला सांगितला, तो लिहिला आहे."

पाचव्या मजल्यावर मोठे साहेब बसतात. त्या मजल्याला शून्य कचरा मजला करायचं ठरलं होतं. सुपरवायझर मला म्हणाला, "ताई, पाचव्याच्या पिशव्या दुसऱ्या मजल्यावर मांड. वजन दुसऱ्याचं लिही. सिंपल आहे ना?" मी तसंच केलं. दुसऱ्या मजल्याच्या सुक्या कचऱ्यात वजन लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, "यात पाचव्याचे नऊ किलो आहेत." रोज. दोन महिन्यांनी पाचव्या मजल्याला बक्षीस मिळालं, काचेची ट्रॉफी. ती ज्या खोक्यातून आली त्यात थर्माकोल, फुग्यांचा प्लास्टिकचा कागद, वर चकचकीत फीत. सगळं मिळून दीड किलो भरलं. तेही दुसऱ्या मजल्यावर लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, "हे पाचव्याच्या बक्षिसाचं." दुसऱ्या मजल्याच्या लोकांना मात्र मोठ्या साहेबांची मेल आली की तुम्ही सुधारा. ते बिचारे घरून आणलेला डबाही पुसून खाऊ लागले.

दर शुक्रवारी मॅडम येऊन पानाखाली सही करायच्या, फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, "ताई, काय नीट लिहिता हो तुम्ही!" त्या फक्त आकडे बघत होत्या. मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, मॅडमना सगळं ठाऊक आहे आणि मंजूर आहे.

एप्रिलमध्ये आमचे कपडे बदलले. जुने निळे ड्रेस जाऊन हिरवे आले, रिकाम्या बाटल्या वितळवून त्याच्या धाग्याचे. छातीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. मॅडम म्हणाल्या की तुम्ही अंगावर पर्यावरण घालून फिरता आहात. एप्रिलमध्ये ते अंगावर घालून पाच मजले झाडले की पाठीला घामोळं येतं. काकी पदराने वारा घेऊ म्हणाली, तर पदर कुठे, ड्रेसच.

"आंगार बाटल्यो घातल्यो," ती म्हणाली, "आता फक्त बूच लावचा रवला."

फोटो काढायला एकजण आला. पुस्तकासाठी. आम्हाला ओळीत उभं केलं.

"काकी, स्माइल!"

काकीने तोंड घट्ट मिटलं.

"काकी, जरा हसा ना, दात दिसू दे."

"माझा हसू डॉक्टराकडे आसा," काकी म्हणाली. "सहा हजार भरले की गावतला. मग ये, हवे तेवढे फोटो काढ."

तो महिना भिशीचा सहावा होता. काकीची पाळी. पगार बँकेत जमा झाला आणि फोनवर आकडा आला तेव्हा प्रत्येकीच्या खात्यात हजार कमी. सुपरवायझरला विचारलं, म्हणजे इतरांनी विचारलं, मी मागे उभी होते.

"युनिफॉर्मचे आहेत. दोन ड्रेस, बूट, जाकीट. कंपनीची पॉलिसी आहे."

"किती महिने कापणार?"

"होईपर्यंत."

"कितीचे आहेत ते तरी सांग ना दादा."

"अगं, इको-फ्रेंडली आहेत, महाग असतात. वाद नको घालू यार."

भिशीचे हजार म्हणजे तेच हजार होते. ते कापून गेले. उरलेल्यात भाडं, रेशन, लाइटबिल. कुणाच्या घरी नवरा आजारी, कुणाच्या मुलीची फी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण भिशीची वही माझ्याकडे. मी वहीकडे बघत बसले. पाचजणींनी आपापले सहा-सहा हजार घेऊन संपवले होते, आणि ज्या बाईने पाच महिने न चुकता हजार भरले होते तिच्या पाळीला भिशी रिकामी. काकीचे पाच हजार आम्हा पाचजणींच्या अंगावर होते. त्यात मीही. मी तर हिशेब ठेवणारी.

काकी भांडली असती तर बरं झालं असतं.  तिने चपाती चहात बुडवली आणि म्हणाली, "पुढच्या म्हयन्यात बगूया."

पुढच्या महिन्यातही हजार गेले. मेमध्ये गेले, जूनमध्ये गेले.

तक्रार करायची सोय होती, नाही असं नाही. स्वच्छ कारभार हे तिसरं उद्दिष्ट. पॅन्ट्रीबाहेर एक पेटी लावली होती, तिच्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींचं चित्र, मोबाइल धरला की तक्रारीचा फॉर्म उघडतो. आमच्यातल्या एकीने मोबाइल धरला. फॉर्म इंग्रजीत. पहिल्याच प्रश्नात कंपनीचा कर्मचारी नंबर मागत होता, तो करड्या पट्टीला नसतो. पेटीत कागद टाकायची फट होती, पण पेटीची किल्ली सुपरवायझरच्या कमरेला.

मी काय करणार होते? मला बोलता येत नाही. वर जाऊन मॅडमना सांगावं असं रोज वाटायचं, लिफ्टपर्यंत जायची आणि परत यायची. पण शेऱ्याचा रकाना होता आणि तो मोकळा ठेवायचा नव्हता. पगाराच्या दिवशी मी लिहिलं, "आज पगार. युनिफॉर्मचे हजार कापले, सहाजणींचे." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "काकीची भिशी थांबली." पुढे लिहिलं, "काकीने डॉक्टरला सांगितलं, पावसानंतर." तारीख, मजला, ओला, सुका, आणि हे. खाली शुक्रवारी मॅडमची सही.

ऑगस्टच्या शेवटी पाच महिने पुरे झाले. प्रत्येकीचे पाच हजार गेले होते. आणि तेव्हा ती तपासणी आली.

आठवडाभर आधीपासून गडबड. कचऱ्याच्या खोलीला रंग दिला. लॉबीतली थर्माकोलची अक्षरं जुनी दिसायला लागली म्हणून काढून मागे टाकली आणि नवीन आणली. जुनी काट्यावर मावेनात, तर मला तोडून मोजायला लागली. सुपरवायझरने आम्हाला उभं करून सांगितलं, "कोणी काही विचारलं तर म्हणायचं, सगळं झकास आहे. जास्त बोलायचं नाही." माझ्याकडे बघून म्हणाला, "हिचं टेन्शनच नाही."

तपासायला एक बाई आल्या. पिकलेले केस, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मोठ्या साहेबांनी त्यांना वर पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. ती बघून त्या खाली कचऱ्याच्या खोलीत आल्या, एका उलट्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मूळ वही द्या."

मी दिली. मॅडम आणि सुपरवायझर दाराशी उभे, त्यांच्या मागे काकी आणि बाकीच्या. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आकडे नाही, शेरा. मिठाच्या पिशवीपाशी त्या हसल्या. बक्षिसाच्या खोक्यापाशी मोठ्याने हसल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "हे तुम्ही वाचलंत?" मॅडमचा चेहरा उतरला. मग एप्रिलची पानं आली. बाई हसायच्या थांबल्या. मे वाचला, जून वाचला. मागे जाऊन पुन्हा एप्रिल वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, गेली नोकरी. मी मान हलवली.

"हे हजार कसले?"

 मी पुढे झाले, वही माझ्याकडे ओढली आणि पानं उलटत एकेका पगाराच्या तारखेवर बोट ठेवत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग काकी मागून म्हणाली, "बाई, ह्या आंगारल्या बाटल्यांचे आमच्या पगारातसून काढतत. आमी मागूक गेलेलो ह्ये कपडे?"

"मॅडम, हे ठेकेदाराचं इंटरनल आहे," सुपरवायझर बाईंना म्हणाला. "कचऱ्याच्या रजिस्टरमध्ये ह्याचा काय संबंध?"

"पानावर शिक्का आहे, नंबर आहे, खाली कंपनीच्या मॅडमची सही आहे," बाई म्हणाल्या. "संबंध तुम्हीच जोडलाय."

त्यांनी त्या सगळ्या पानांचे फोटो काढले, माझ्याकडे बघून "छान लिहिता" म्हणाल्या आणि गेल्या.

त्या गेल्यावर मॅडम माझ्यापाशी आल्या. डोळे भरले होते. "ताई, तुम्ही मला सांगायचं ना! मी काहीतरी केलं असतं."

मी म्हटलं, "लिहिलं होतं."

त्यानंतर सुपरवायझरने मला गाठलं. "शेरा म्हणजे काय तुझी घरची डायरी आहे काय? किलो लिही म्हटलं तर पुराण लिहिते. मुलुंडच्या साइटवर पाठवीन, दोन बस बदलून जा रोज."  पण मला मुलुंडला पाठवणं त्याला जमलं नाही. तपासणीच्या बाईंनी सांगितलं होतं की दर शुक्रवारचा फोटो आम्हालाही पाठवा आणि वही लिहिणारी व्यक्ती तीच ठेवा, अक्षर बदलता कामा नये. माझं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हवं होतं.

पुढच्या पगारात कापणं थांबलं. पण आधीचे पाच हजार कुणी देईना, आणि पाच महिन्यांत घरात जी उधारी झाली होती ती आधी फेडायला लागली. काकीचे पैसे तसेच राहिले. गणपतीला ती गावाला जाऊन आली. मोदक नुसते चोखून खाल्ले असं हसत सांगितलं. 

मग पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत, मागे लिहिलेलं की हा कागद जुन्या कागदापासून केलेला आहे. मॅडमनी पॅन्ट्रीत आणून दाखवलं. मधल्या पानावर आमचा फोटो, पाचजणी हसताहेत आणि काकी तोंड मिटून. शेजारी हिरव्या गोलांत आकडे. मॅडमनी बोट ठेवून वाचलं, "कामगारांच्या तक्रारी, आलेल्या एक. निवारण एक. शंभर टक्के."

"तक्रार कोणाची?" काकीने विचारलं.

"तुमचीच."

"आणि निवारान?"

"झालं ना. म्हणजे, प्रोसेसमध्ये आहे, ठेकेदाराला पत्र गेलंय."

"माका पैसे गावले?"

मॅडमनी पुस्तकाचं पान उलटलं.

"नाय गावले. मग ह्यो शंभर खयसून इलो? ह्यो शंभरच देवा माका, बाकीचे एकोणपन्नास शंभर सोडतंय मी."

मॅडमना हिशेब कळला नाही. मलाही लगेच नाही, पण आम्ही सगळ्या हसलो, त्याही हसल्या. मग पुस्तक पाठीमागे लपवून वर निघून गेल्या.

त्या दिवशी मी शेऱ्यात लिहिलं, "पुस्तकात निवारण झालं असं आहे. पैसे आले नाहीत." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "पैसे आले नाहीत." तिसऱ्या दिवशी तेच. ओला अठरा, सुका सहा, पैसे आले नाहीत. मला त्यात धीट झाल्यासारखं वाटत नव्हतं. मनातून घाबरतच होते. पण खरं तेवढंच होतं आणि रकाना मोकळा ठेवायचा नव्हता.

शुक्रवारी मॅडमनी ह्या वेळी सगळं वाचलं. पेन हातात धरून उभ्या राहिल्या.

"ताई, मी असं पाठवलं तर प्रॉब्लेम होईल. रोज रोज नका ना लिहू. काही वेगळं झालं तरच लिहा."

पुढच्या दिवशी मी लिहिलं, "आज वेगळं काही झालं नाही. पैसे आले नाहीत."

सुपरवायझर म्हणाला पान फाड. मॅडमच घाईने म्हणाल्या, "नको, नंबर आहेत." तो म्हणाला खोडून टाकू. त्या म्हणाल्या, "खाडाखोड चालत नाही, तो आपलाच नियम आहे." तो म्हणाला नवीन वही काढू. मॅडम म्हणाल्या, "ह्या वहीचे फोटो त्या तपासणीच्या बाईंकडे आहेत." दोघं माझ्यासमोरच बोलत होते, मी मग धूत होते. शेवटी मॅडमनी सही केली आणि फोटो पाठवला.  नोकरी त्यांनाही होतीच की. त्यांच्यावरचा माझा थोडा राग राहिला होता तोही त्या दिवशी गेला.

अशी चार पानं गेली. पाचव्या आठवड्यात त्या पिकल्या केसांच्या बाईंचं पत्र आलं, पुढची तपासणी जवळ आल्याचं, आणि त्यात माझ्या शेऱ्यांची सगळी यादी तारखांसकट. मोठे साहेब स्वतः खाली आले. सात वर्षांत पहिल्यांदा कचऱ्याच्या खोलीत. नाकाला रुमाल न लावण्याचा त्यांनी खूप प्रयत्न केला. ठेकेदारालाही बोलावलं होतं. साहेबांनी त्याला इंग्रजीत काहीतरी सुनावलं, तो "येस सर, येस सर" करत होता, आणि मग मला मराठीत म्हणाले, "तुम्ही आमच्या कारभाराची डोळे उघडे ठेवून काळजी घेतलीत. अभिमान वाटतो."

मी मान हलवली. शेऱ्यात लिहिलं, "मोठे साहेब येऊन गेले. अभिमान वाटतो म्हणाले. पैसे आले नाहीत."

त्याच आठवड्यात निम्मे आले. अडीच-अडीच हजार, सगळ्यांच्या खात्यावर. त्याआधी पुठ्ठ्याचा एक मोठा चेक हातात देऊन आमचा फोटो काढला, त्याच्यावर मात्र पुरे पाच हजार लिहिलेले. पुठ्ठा नंतर मीच मोजला, आठशे ग्रॅम, सुका. तिघींनी आपापले हजार त्याच दिवशी काकीला दिले, त्यात मी एक. दोघींच्या घरी उधारीवाले दारात बसले होते, त्यांना जमलं नाही. काकी म्हणाली, "घाई नाय गो." पण तीन हजार तिने तीनदा मोजले.

उरलेले अडीच हजार यायला आणखी दोन पगार लागले. तेवढे दिवस शेऱ्यात मी "निम्मे बाकी" लिहीत होते आणि मॅडम सही करत होत्या. दुसऱ्या पगाराच्या दिवशी दुपारी आमच्यातली एक मोबाइल हातात धरून पॅन्ट्रीत धावत आली.

"आले! बघ गं, आले! पुरे आले!"

मी शेऱ्यात लिहिलं, "पैसे पुरे आले." दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी एटीएममधून काढून आणले. मी सिंकशेजारची जागा कोरड्या फडक्याने पुसली, त्यावर दोन हजार ठेवले, भिशीची वही उघडली आणि काकीला हाक मारली. काकी हात पुसत आली. पाचशेच्या चार नोटा. तिने एकेक उजेडात धरून पाहिली.

"तीन आधी, दोन आता," मी म्हटलं. "पाच झाले काकी, सहावा तुझाच. मोजून घे."

"मोजलंय."

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले, चार नोटा घडी करून ड्रेसच्या आत ठेवल्या आणि म्हणाली, "सगळे गावले." मी तिच्या नावापुढे पाच हजार पुरे असं लिहिलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.